हिवाळी सायकलप्रवासाचे सामान: कॅरिअरवरचे पॅनिअर घ्यावेत की फ्रेमला बांधायच्या पिशव्या?

भीमाकाठची

गड्ड्याची यात्रा (सोलापूरची जानेवारीतली जत्रा) आटोपली की आम्ही तिघी मैत्रिणी सोलापुरातून चार-पाच दिवसांच्या सायकलप्रवासाला निघणार आहोत. नळदुर्ग, तुळजापूर, बार्शीमार्गे परांडा, तिथून उजनीचा जलाशय, मग पंढरपूर आणि मंगळवेढ्यावरून परत, असा मार्ग साधारण ठरला आहे. काही रात्री तंबूत आणि उरलेल्या भक्तनिवासात काढायच्या आहेत. माझी सायकल साधी हायब्रिड आहे. तिला मागे कॅरिअर बसवण्यासाठी छिद्रे आहेत, पुढच्या फोर्कला (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांना) मात्र नाहीत. माझी उंची पाच फूट एक इंच असल्यामुळे फ्रेमही लहान आहे.

प्रश्न असा आहे की सामानासाठी कॅरिअर आणि दोन बाजूंचे पॅनिअर (कॅरिअरला हुकांनी अडकवायच्या पिशव्या) घ्यावेत, की सीटखाली, हँडलबारला आणि फ्रेमच्या त्रिकोणात बांधायच्या पिशव्यांचा संच घ्यावा? पुढच्या वर्षी फेब्रुवारीत हिमाचलातल्या स्पितीला जाण्याचा विचार आहे, त्यामुळे एकदाच खर्च करून दोन्हीकडे चालेल असे काही मिळाले तर बरे. अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_अभियंता

ताई, पिशवीपासून सुरुवात करू नका, अंथरूण-पांघरुणापासून करा. हिवाळी प्रवासात सर्वांत जास्त जागा स्लीपिंग बॅग खाते, त्यानंतर मॅट आणि मग गरम कपडे; अवजारे, ट्यूब, औषधे आणि पॉवरबँक हे सारे मिळून तीन-चार लिटरांच्या पुढे क्वचितच जाते. म्हणून आधी काय पांघरणार ते ठरवा, ते दाबून किती लहान होते ते मोजा आणि मगच पिशवीचा आकार बघा.

आपल्याकडे जानेवारीत रात्रीचा पारा बहुधा १४ ते १७ अंशांच्या आसपास असतो आणि थंडीची लाट आली तर १० ते ११ पर्यंत उतरतो. मोकळ्या माळावर आणि पाण्याकाठी आणखी दोन-तीन अंश कमी धरावेत. स्लीपिंग बॅगवर आयएसओ २३५३७ या मानकानुसार दोन आकडे छापलेले असतात, एक ‘कम्फर्ट’चा आणि दुसरा ‘लिमिट’चा. त्यातला कम्फर्टचा आकडा स्त्रियांसाठी आणि लिमिटचा पुरुषांसाठी गृहीत धरलेला असतो, त्यामुळे दुकानदार मोठ्या अक्षरांतला लिमिटचा आकडा दाखवू लागला तर तुम्ही तिघींनी तिकडे दुर्लक्ष करावे. तुमच्या या मार्गासाठी कम्फर्ट ५ ते ८ अंशांची बॅग भरपूर झाली. पिसांची असेल तर ती पाच-सहा लिटरांत बसते, कृत्रिम धाग्यांची असेल तर जवळपास दीडपट जागा घेते.

स्पितीत फेब्रुवारीत काझाला रात्री पारा उणे १५ ते २० पर्यंत जातो. त्या थंडीची स्लीपिंग बॅग एकटीच पंधरा लिटर मागते. हा फरक लक्षात घेतल्यावर एकाच संचात दोन्ही प्रवास बसवण्याचा आग्रह कितपत धरायचा, ते तुम्हीच ठरवा.

सराटा

अभियंतासाहेबांच्या हिशेबात एक भर घालतो. हवेने फुगवायची मॅट दुमडल्यावर बाटलीएवढी होते म्हणून सगळे तिच्या प्रेमात पडतात, पण आपल्या माळरानावर बाभळीचा काटा आणि सराटा या दोघांना ती फार आवडते. तंबूच्या तळाखाली ताडपत्री टाकूनही मध्यरात्री पाठ जमिनीला टेकलेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून इथे फोमची घडीची मॅट घ्यावी. ती काट्याला भीक घालत नाही, पण आकाराने उशीएवढी होते आणि कोणत्याही पिशवीच्या आत जात नाही. ती बाहेर बांधावी लागते, आणि बाहेर बांधायची तर कॅरिअरच्या माथ्यासारखी सोयीची जागा नाही. माझे मत त्यामुळे कॅरिअरला.

चाकोरीबाहेर

सगळे जण कॅरिअरकडे झुकण्याआधी दुसरी बाजूही मांडतो. उजनीच्या परिसरात तुम्ही हमरस्ता सोडून कालव्याकडेच्या आणि उसाच्या फडांमधल्या वाटांनी जाणार असाल, तर दोन्ही बाजूंना फुगलेले पॅनिअर उसाच्या पाचटात, बाभळीच्या फांद्यांत आणि खोल चाकोऱ्यांच्या कडांना अडकतात. काळ्या मातीची वाट वाळली की तिच्यावर ट्रॅक्टरच्या टायरचे साचे दगडासारखे उभे राहतात. त्यांवरून दिवसभर आदळत गेल्यावर कॅरिअरचे बोल्ट सैल होतात आणि पॅनिअरचे हुक खडखडू लागतात. फ्रेमच्या रेषेत घट्ट बांधलेले सामान सायकलच्या शरीराचा भाग होऊन चालते.

शिवाय या पिशव्यांचा आणि हिवाळ्याचा संबंध जुना आहे. अलास्कातल्या बर्फावर १९८७ पासून सायकलच्या लांब पल्ल्याच्या शर्यती होत आहेत, आणि या प्रकारच्या पिशव्यांसाठी नावाजलेली रेव्हलेट डिझाइन्स ही कंपनी अलास्कातल्याच अँकरेजची आहे. तेव्हा थंडीसाठी हा प्रकार अपुरा पडतो असे कोणी समजू नये.

माळरान

चाकोरीबाहेर यांचे म्हणणे वाटेपुरते मान्य आहे, पण त्यांनी ताईंच्या उंचीचा विचार केलेला दिसत नाही. सीटखालच्या मोठ्या पिशवीला सीटच्या रुळांपासून मागच्या टायरपर्यंत वीतभर तरी मोकळी जागा लागते, आणि तीही सामान भरून पिशवी खाली वाकल्यावर. लहान फ्रेमवर सीट खाली असते आणि चाक तेवढेच मोठे असते, त्यामुळे ही जागा मुळातच कमी असते. माझ्या पत्नीची उंची साधारण तुमच्याएवढीच आहे. तिच्या सायकलीवर सीटखालची पिशवी प्रत्येक खड्ड्यात टायरला घासत होती आणि तळाचे कापड एका दिवसात पातळ झाले. लहान फ्रेमचा त्रिकोणही लहान असतो, आणि त्यात पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर पिशवीला जागाच उरत नाही.

खरेदीपूर्वी सीटखाली जुनी उशी बांधून, सीटवर बसून, चाकाला ती टेकते का ते बघून घ्यावे. फुकटची चाचणी आहे.

शेंगाचटणी

एवढी मापे चालली आहेत म्हणून मीही एक महत्त्वाचे माप सांगतो. सोलापूरकराच्या सामानाची खरी मोजपट्टी म्हणजे कडक भाकरीचा व्यास. ती सीटखालच्या निमुळत्या पिशवीत जात नाही, हँडलबारच्या गुंडाळीत तर मुळीच जात नाही, आणि फ्रेमच्या त्रिकोणात कोंबली तर संध्याकाळी तिचा चुरा शेंगाचटणीत कालवून चमच्याने खावा लागतो. पॅनिअरच्या सपाट पाठीला टेकवून उभ्या ठेवलेल्या भाकरी मात्र मंगळवेढ्यापर्यंत अखंड पोचतात. अर्थात ज्वारीचे कोठार असलेल्या मंगळवेढ्याला ज्वारीची भाकरी सोबत नेणे हा प्रकार मला व्यक्तिशः पटत नाही.

अक्कलकोट_रोड

स्लीपिंग बॅगवर एवढा खर्च कशासाठी करायचा, असा माझा साधा प्रश्न आहे. आपल्या गावच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, घराघरांत दोन-चार पडलेल्या असतात, आणि पंधरा अंशांच्या थंडीला दोन चादरी व एक स्वेटर पुरतो. आमचे वाडवडील वारीला जाताना स्लीपिंग बॅग घेऊन जात नव्हते.

निवृत्त_अभियंता

चादरीचा अभिमान मलाही आहे, पण जाड सोलापुरी चादर वजनाला किलोभराच्या पुढे जाते, दाबल्यावर फारशी लहान होत नाही आणि सुती असल्यामुळे दव पिते. उजनीच्या काठावर पहाटे तंबूच्या आतूनही पाणी ओघळते. अशा वेळी ओली झालेली चादर दुपारी दोन तास उन्हात घातल्याशिवाय पुन्हा गुंडाळता येत नाही. भक्तनिवासातल्या रात्रींना एक चादर जरूर न्यावी, परंतु तंबूतल्या रात्रींचा भरवसा तिच्यावर ठेवू नये. आणि वारीचे म्हणाल, तर आषाढी पावसाळ्यात येते आणि वारकऱ्यांची पथारी वाहायला दिंडीमागे ट्रक असतो.

उजनीचा_बगळा

दवाचा विषय निघालाच आहे तर आमच्या भागाबद्दल थोडे लिहितो. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला सायकलवर येणारे बरेच लोक भेटतात आणि त्यांची एक अडचण सारखीच असते. पहाटे सहाला निघताना अंगावर जाकीट, कानटोपी आणि हातमोजे असतात. नऊ-दहा वाजता ऊन तापले की हे सगळे उतरते आणि दुपारी तिशीच्या घरातल्या तापमानात नुसत्या टी-शर्टवर सायकल चालते. आपल्या हिवाळ्यातले खरे कोडे हे उतरलेले कपडे ठेवायचे कुठे, हे आहे. सकाळी गच्च भरून बांधलेल्या सीटखालच्या पिशवीत दहा वाजता जाकिटाला जागा नसते, आणि ती उघडली की आतला सगळा समतोल बिघडतो. म्हणून पिशव्या कोणत्याही घ्या, पण सकाळी निघताना चार-पाच लिटरांची जागा मुद्दाम रिकामी ठेवा, आणि ती अशी असू द्या की सायकलवरून पूर्ण न उतरता हात पोचेल. पॅनिअरचे गुंडाळून बंद होणारे तोंड याला सोयीचे असते.

दुसरी बाब जिवाशी संबंधित आहे. सध्या उसाचा हंगाम आहे. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात, आणि चालकाला उसाच्या डोंगरामागून मागचे काही दिसत नाही. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अशा वेळी सीटपोस्टला लावलेला लाल दिवा सीटखालच्या पिशवीने पूर्ण झाकला जातो, आणि ते बसणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पिशवीच्या शेपटीला दिवा अडकवायची पट्टी असते, पण पिशवी डोलली की दिवा आकाशाकडे बघतो. कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर पक्का बसवलेला दिवा आणि पॅनिअरवरचे परावर्तक यांना पर्याय नाही. पिशव्यांचा रंग काळा नको, हेही जाता जाता सांगतो.

चाकोरीबाहेर

पिशवी डोलते ती बहुधा भरण्याच्या पद्धतीमुळे. जड आणि घट्ट वस्तू, म्हणजे तंबूचे कापड किंवा अवजारांची गुंडाळी, सीटपोस्टजवळच्या निमुळत्या टोकात ठोकून भरावी, हलके कपडे शेपटीकडे ठेवावेत आणि हवा काढून मगच तोंड गुंडाळावे. वरचे पट्टे बाहेरून नुसते आवळल्याने आतली पोकळी जात नाही. दिव्याचा मुद्दा मात्र बिनतोड आहे; मी दिवा सीटपोस्टवरून काढून मागच्या चाकाच्या वरच्या दांडीवर बसवला आहे.

बर्फवाट

स्पितीचा उल्लेख वाचून लिहिण्याचा मोह झाला. मी मूळचा सोलापूरचा, सध्या नोकरीनिमित्त चंदीगडला असतो आणि किन्नौरच्या बाजूने हिवाळ्यात काझापर्यंत सायकलने गेलो आहे. त्या दिवसांत कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे रिकाँग पिओ, नाको, ताबो हाच मार्ग उरतो. तो बर्फवृष्टीनंतर बंद पडतो आणि पुन्हा उघडतो, म्हणून हातात जादा दिवस असावे लागतात.

तिथे पिशवीची परीक्षा वेगळ्याच ठिकाणी होते. पहिली परीक्षा हातमोज्यांची. जाड मोजे घालून बारीक झिप ओढता येत नाही आणि मोजे काढले तर मिनिटाभरात बोटे बधिर होतात. मी निघण्यापूर्वी प्रत्येक झिपच्या ओढणीला जाड दोरीचा बोटभर लांब फास बांधला होता आणि बकल सगळी मोठी, एका अंगठ्याने उघडणारी ठेवली होती. झिपमध्ये ओलावा शिरून गोठला की ती जागची हलत नाही, म्हणून मुख्य सामानासाठी गुंडाळायच्या तोंडाची पिशवीच बरी. स्वस्त पीव्हीसीचे कापड थंडीत ताठ होते आणि गुंडाळताना घडीवर तडकते, तेव्हा टीपीयूचा (एक लवचिक प्लास्टिक) लेप दिलेले नायलॉन बघावे.

दुसरी बाब हँडलबारची. त्या थंडीत मोज्यांवरून हँडलबारलाच कायमची बसवायची कव्हरे लागतात, ज्यात ब्रेक-गिअरसह पूर्ण मूठ जाते. ती बसवली की हँडलबारवरच्या गुंडाळीसाठी मधली चिंचोळी जागा उरते. दुकानात रिकाम्या हँडलबारवर छान बसणारी गुंडाळी प्रत्यक्षात कव्हरांना ढकलते आणि ब्रेक दाबताना बोटे आखडतात. दोन्ही एकत्र बसवून पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

पाणी फोर्कवर उघडे ठेवले तर गोठते. बाटली उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ आधी वर आलेल्या बुडाशी धरतो आणि झाकण मोकळे राहते. त्याहून चांगले म्हणजे थर्मास फ्रेमच्या पिशवीत कपड्यांत गुंडाळून ठेवावा. पॉवरबँक आणि फोन पिशवीत न ठेवता जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावेत, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करणे तिला घातक असते. म्हणजे अंगावरचे खिसे हीसुद्धा तुमची एक पिशवीच आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फेब्रुवारीत तिथे सहसा कोणी तंबूत राहत नाही. गावोगावी होमस्टे असतात, मधल्या खोलीत तंदूर (खोली गरम ठेवणारी शेगडी) पेटलेला असतो, जाड रजया मिळतात. स्लीपिंग बॅग लागते ती वाटेत अडकलो तर, या हिशेबाने. त्यामुळे अभियंतासाहेबांनी सांगितलेले पंधरा लिटर खरे असले, तरी तंबू, मॅट आणि स्वयंपाकाचे सामान वजा होते, आणि एकूण सामान वाटते तेवढे दुप्पट होत नाही.

भीमाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. माळरान यांनी सांगितल्याप्रमाणे उशी बांधून पाहिली. ती चाकाला टेकते, त्यामुळे सीटखालच्या मोठ्या पिशवीचा पर्याय माझ्यापुरता बाद झाला. माझ्या एका मैत्रिणीची फ्रेम मोठी आहे, तिला ती चालेल. बर्फवाट यांच्या शेवटच्या मुद्द्याने तर आमचा अर्धा गोंधळ मिटला. आता कॅरिअर आणि पॅनिअर हे ठरल्यासारखेच आहे, पण अवजारे आणि पाणी यांसाठी फ्रेमच्या त्रिकोणात एक पिशवी हवी आहे. तयार पिशव्या माझ्या लहान फ्रेमला बसत नाहीत. सोलापुरात कोणी शिवून देईल का?

अक्कलकोट_रोड

चादरीवरून माझी खरडपट्टी निघाली, पण या प्रश्नावर मी अधिकाराने बोलू शकतो. ज्या गावातून राज्याबाहेरही गणवेश शिवून जातात, तिथे एका तिकोनी पिशवीची काय कथा! तरीही गणवेशवाल्यांकडे जाऊ नका, त्यांची यंत्रे पातळ कापडाची असतात. गाड्यांची सीटकव्हरे आणि ट्रॅक्टरचे हूड शिवणाऱ्यांकडे जा. त्यांच्याकडे जाड सुईची यंत्रे आणि नायलॉनचा दोरा असतो.

सायकल भिंतीला टेकवून, पुठ्ठा त्रिकोणात आतून धरून, दांड्यांच्या आतल्या कडांनी पेन्सिल फिरवा. मग तो पुठ्ठा सगळीकडून अर्धा सेंटिमीटर आत कापा, कारण भरल्यावर पिशवी फुगते आणि नेमक्या मापाची पिशवी दांड्यांवर चढते. रुंदी पाच ते सहा सेंटिमीटरांपेक्षा जास्त ठेवली तर पायडल मारताना गुडघे घासतात. खालच्या दांडीवरच्या बाटलीची जागा हवी असेल तर पिशवी त्रिकोणाच्या वरच्या अर्ध्या भागापुरतीच करा. कापड ५०० डेनिअरचे (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) कॉर्ड्युरा नायलॉन पुरते, १००० चे जास्त टिकते पण वजन आणि शिवणाऱ्याची कुरकुर दोन्ही वाढतात. आतून पिवळ्या रंगाचे अस्तर लावायला सांगा, म्हणजे संध्याकाळी तळाशी पडलेले पान्याचे टोक दिसते. दांडीला बांधायचे पट्टे वेल्क्रोचे रुंद असावेत, मात्र ते बसतील तिथे आधी दांडीला पारदर्शक चिकटपट्टी लावा. काळ्या मातीची धूळ पट्ट्याखाली अडकली की कानसीसारखी रंग खरवडते. शिवण उलटी करून आतून सीम सीलर (शिवणीची छिद्रे बुजवणारा द्रव) लावला तर अवकाळीच्या सरीलाही पिशवी दाद देत नाही.

सराटा

पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा घेऊ नका. तो वाकतो, आणि मुंग्याही लागतात.

माळरान

रेल्वेने सायकल नेण्याचा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही. स्पितीला जाताना सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली गाठायची झाल्यास सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये द्यावी लागते. त्या वेळी तिच्यावर एकही पिशवी ठेवू नये. पॅनिअर हुकावरून उचलले की दोन हातांत दोन बोचकी होतात आणि थेट डब्यात जाता येते. सीटखालची आणि हँडलबारची पिशवी सोडवायला फलाटावर वेळ जातो, आणि सुटे पट्टे हमखास हरवतात.

चाकोरीबाहेर

बहुमत विरोधात असले तरी एक दुरुस्ती सुचवतो. सगळे वजन मागच्या पॅनिअरमध्ये गेले तर तुळजापूरच्या घाटात पुढचे चाक हलके होऊन भरकटते, आणि तुमच्या फोर्कला छिद्रे नसल्यामुळे पुढे वजन टाकायला हँडलबारच उरतो. म्हणून स्लीपिंग बॅग मागे न ठेवता जलरोधक पिशवीत गुंडाळून हँडलबारला बांधा; ती हलकी असल्याने वळताना त्रास होत नाही आणि मागे चार-पाच लिटरांची जागा मोकळी होते, जी उजनीचा_बगळा यांनी जाकिटासाठी मागितली आहे. गुंडाळीने केबली दाबल्या जात नाहीत ना आणि पुढचा दिवा झाकला जात नाही ना, एवढे बघून घ्या. नळदुर्गाकडे जाताना सकाळचा पूर्वेचा वारा समोरून असेल, तेव्हा ही गुंडाळी जितकी बारीक तितकी बरी.

निवृत्त_अभियंता

ही सूचना योग्य आहे. पॅनिअर बसवताना मात्र हुक कॅरिअरवर शक्य तितके मागे सरकवा. लहान फ्रेमला मागचा भाग आखूड असेल तर टाच पॅनिअरला लागते, आणि ते पायडल मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. कॅरिअरच्या बोल्टना लॉकटाइटचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब लावा आणि रोज सकाळी ॲलन की फिरवून बघा. चाकोरीबाहेर यांची खडखडाटाची तक्रार बहुतांशी तिथेच मिटते.

भीमाकाठची

ठरले तर मग. मागे मध्यम आकाराचे दोन पॅनिअर, वर फोमची मॅट, हँडलबारला स्लीपिंग बॅग आणि शिवून घेतलेली त्रिकोणी पिशवी. स्पितीसाठी मोठी स्लीपिंग बॅग आणि हँडलबारची कव्हरे तेवढी नंतर घेता येतील. पुठ्ठा कापून झाला आहे, उद्या कारागिराकडे जायचे आहे. त्यांना झिप कोणत्या बाजूला लावायला सांगू?

अक्कलकोट_रोड

साखळीच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, कारण थांबल्यावर आपण बहुधा डावा पाय टेकवतो आणि सायकल डावीकडे कलते. डावीकडे झिप असेल तर उघडताच सामान पायावर येते. आठ नंबरची जाड झिप घ्या, तिला दोन रनर लावून घ्या, म्हणजे एक बिघडला तरी दुसऱ्यावर प्रवास पार पडतो. धुळीत झिप जड झाली की दातांवर मेणबत्ती घासायची. कारागिराला पुठ्ठ्यावर ‘उजवी बाजू’ असे मोठ्या अक्षरांत लिहून द्या, कारण त्रिकोण उलटा धरला तरी त्रिकोणच दिसतो.